पीळ पडण्याआधीचा टाका

वसमत तालुक्यातल्या शेतकऱ्याला पोटफुगी समजावून सांगावी लागत नाही. ओला, कोवळा चारा भरपेट खाल्लेल्या बैलाची डावी भकाळी फुगली, की घरातले जाणते माणूस दुरूनच ओळखते. कोणी गोडेतेल पाजते, कोणी जनावराला फिरवते. दवाखान्यातून डॉक्टर येतात आणि वेळ पडलीच तर भकाळीतून ट्रोकार घालून कोठीपोटातला वायू मोकळा करतात. बरेचदा जनावर वाचते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेले हे ज्ञान मोलाचे आहे. मात्र तेच ज्ञान कुत्र्याला लावले, तर ते जिवावर बेतू शकते.

समजा, आखाड्यावर राखणीला ठेवलेला पाच-सहा वर्षांचा जर्मन शेफर्ड आहे. रात्री भाकरी आणि उरलेले वरण त्याने घाईघाईने संपवले. तासा-दोन तासांनी तो अस्वस्थ झाला. बसतो, उठतो, पोटाकडे वळून बघतो, उलटीसाठी जोर करतो. पण फेसाळ लाळेशिवाय काही बाहेर पडत नाही. पोट जरा तट्ट वाटते. घरच्यांना वाटते अजीर्ण झाले. बैलाला पाजतात तसे तेल पाजायचा प्रयत्न होतो. मग 'सकाळी बघू' म्हणून दिवे मालवले जातात. अशा कुत्र्याला बहुधा सकाळ दिसत नाही.

त्याला झालेले असते ते निव्वळ पोट फुगणे नसते. त्याच्या जठराला पीळ पडलेला असतो. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये जठराला आत हलायला जागा जास्त मिळते. वायूने आणि अन्नाने फुगलेले जठर स्वतःभोवती फिरते, कधी अर्धा वेढा, कधी त्याहून जास्त. पिशवीचे तोंड पिरगाळावे तसे वरून अन्ननलिकेचे दार बंद होते आणि खालून आतड्याकडचे दारही बंद होते. ढेकर नाही, उलटी नाही, पुढे सरकणे नाही. आत वायू मात्र वाढतच राहतो. पाजलेले तेल जठरात पोचतच नाही, ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. बैलावरचा उपाय कुत्र्याला लागू पडत नाही, त्याचे कारण हे आहे.

पुढचा घात रक्ताभिसरणाचा. फुगलेले जठर पोटातल्या मोठ्या शिरांवर दाब आणते. मागच्या अर्ध्या शरीरातले रक्त हृदयाकडे परत येईनासे होते, रक्तदाब कोसळतो, हिरड्या पांढुरक्या पडतात. जठराबरोबर प्लीहाही ओढली जाते. जठराच्या भिंतीला रक्त मिळेनासे झाले की ती काळी पडून सडू लागते. हृदयाचे ठोके अनियमित होतात. हे सगळे काही तासांत घडते. उपचार न झाल्यास असा कुत्रा वाचत नाही. वेळेत रुग्णालय गाठले, सलाईन चालू झाली, वायू काढला, पोट उघडून जठर सरळ केले, तरीही दहातील एक ते तीन कुत्री दगावतात. जितका उशीर, तितका हा आकडा वर जातो.

डॉक्टरांच्या ओळखीचे याच्या जवळचे दुखणे म्हणजे मुलांमध्ये होणारा अंडकोषाचा पीळ. मध्यरात्री पोरगा अचानक कळवळतो. साधारण सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर अंडकोष वाचण्याची आशा चांगली असते. घरी शेकत बसले, तर तो काढून टाकावा लागतो. त्या शस्त्रक्रियेत सर्जन आणखी एक गोष्ट करतो. दुसऱ्या बाजूचा, अगदी निरोगी अंडकोषही तो दोन-तीन टाके घालून जागेवर पक्का करतो. जिथे एका बाजूला पीळ पडला तिथे दुसऱ्या बाजूलाही पडू शकतो, हे त्याला ठाऊक असते. त्या टाक्यांवर कोणी आक्षेप घेत नाही.

कुत्र्याच्या जठराबाबतही हाच विचार आहे. जठराचा आतड्याकडचा भाग पोटाच्या उजव्या भिंतीला, शेवटच्या बरगडीच्या मागे, कायमचा जोडून टाकायचा. जठराच्या वरच्या थरावर, आतली पोकळी न उघडता, एक छेद द्यायचा. समोर पोटाच्या स्नायूवर तसाच छेद द्यायचा. आणि दोन्ही कडा एकमेकींना शिवायच्या. आंब्याचे भेटकलम करताना दोन फांद्यांची साल तासून त्या एकमेकींना बांधतात आणि काही आठवड्यांनी त्या एकजीव होतात, तसेच हे. टाके विरघळून जातात, जोड राहतो. त्यानंतर जठर फुगू शकते, पण सहसा फिरू शकत नाही. पीळ पडलेल्या कुत्र्याचे जठर नुसते सरळ करून सोडून दिले, तर निम्म्याहून जास्त कुत्र्यांना तो पुन्हा पडतो. असे जोडून टाकले, तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली येते. मग पहिला पीळ पडायची वाट कशाला पाहायची, या प्रश्नातून प्रतिबंधक शस्त्रक्रियेचा जन्म झाला.

पूर्वी यासाठी पोटावर लांब छेद घ्यावा लागे. आता ती दुर्बिणीने होते. २००१ च्या सुमारास अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातील पशुशल्यचिकित्सक क्लॅरेन्स रॉलिंग्ज यांनी तिची एक सुटसुटीत पद्धत मांडली. दोन लहान छिद्रे, एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून चिमटा. चिमट्याने जठराचा नेमका भाग पकडायचा, उजवीकडचे छिद्र तीन-चार सेंटिमीटर रुंद करून तो भाग तिथवर ओढायचा आणि स्नायूला शिवायचा. सगळे टाके दुर्बिणीखालीच आत घालण्याचीही पद्धत आहे. वेदना कमी, जखम लहान, कुत्रा बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. मादीची नसबंदी करायची असेल, तर एकाच भुलेत दोन्ही कामे होतात.

दुर्बिणीचा हा प्रवास एका अर्थाने वर्तुळ पूर्ण करणारा आहे. १९०१ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे गेऑर्ग केलिंग या शल्यचिकित्सकाने मूत्राशय तपासण्याची दुर्बीण घालून जिवंत प्राण्याच्या पोटात पहिल्यांदा डोकावून दाखवले, तो प्राणी कुत्रा होता. त्या प्रयोगापासून सुरू झालेली विद्या पुढे माणसापर्यंत आली. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी भारतातील पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली, तीही सरकारी रुग्णालयात, सामान्य माणसासाठी. आज जिल्ह्याच्या गावीही पित्ताशय दुर्बिणीने निघते. कुत्र्याकडून घेतलेली विद्या कुत्र्याकडे परत जाते आहे, याचे नवल वाटायला नको.

पण निरोगी जनावराला भूल देऊन त्याच्या पोटात हात घालायचा, हा निर्णय सोपा नाही. तो घेताना तीन गोष्टी तोलाव्या लागतात.

पहिली गोष्ट जात आणि अंगलट. सर्वांत जास्त धोका ग्रेट डेनला. आयुष्यभरात तिघांपैकी एकाहून अधिक ग्रेट डेनला हा पीळ पडतो, असे अमेरिकेतील पाहण्या सांगतात. सेंट बर्नार्ड, वायमरानर, आयरिश सेटर, मोठा पूडल हेही वरच्या रांगेत. जर्मन शेफर्ड आणि डॉबरमन त्यांच्या पाठोपाठ. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच जातींचा हिशेब मांडला होता. प्रतिबंधक शस्त्रक्रियेमुळे या विकाराने होणारे मृत्यू रॉटवायलरमध्ये सुमारे दोन पटींनी, तर ग्रेट डेनमध्ये जवळजवळ तीस पटींनी कमी होतील, असे त्यातून दिसले. एकच शस्त्रक्रिया, पण एका जातीला तिचा फायदा बेताचा आणि दुसरीला प्रचंड. म्हणून 'प्रत्येक कुत्र्याला करून घ्या' असे सांगणारा डॉक्टर जितका चुकतो, तितकाच 'असले काही लागत नाही' म्हणणाराही चुकतो. गल्लीतल्या मध्यम चणीच्या गावठी कुत्र्याला ही शस्त्रक्रिया सुचवण्याचे कारण नाही. लॅब्राडॉरलाही ती सरसकट लागत नाही. मराठवाड्यात शिकारी म्हणून ओळखला जाणारा कारवान आणि कर्नाटकच्या सीमेवरचा मुधोळ यांची छाती खोल आणि कंबर बारीक असते. त्यांच्या मालकांना निदान या दुखण्याची लक्षणे पाठ असायला हवीत.

दुसरी गोष्ट घराणे आणि सवयी. आई, बाप किंवा सख्खे भावंड या विकाराने गेले असेल, तर धोका वाढतो. वयाबरोबर तो वाढतो. दिवसातून एकदाच भरपूर खाणे आणि अधाशासारखे गिळणे यांचाही हात असतो. भांडे उंचावर ठेवून खायला दिले की पीळ पडत नाही, अशी समजूत पूर्वी होती. पर्ड्यू विद्यापीठाच्या पाहणीत त्याच्या उलट, उंच भांड्याने मोठ्या कुत्र्यांचा धोका वाढलेला आढळला. हे सगळे बिनखर्चाचे उपाय आहेत: दिवसाचे जेवण दोन-तीन वेळा विभागून द्यावे, भांडे जमिनीवर ठेवावे, दोन कुत्र्यांना शेजारी-शेजारी चढाओढीने खाऊ घालू नये, जेवणानंतर लगेच पळवू नये. धोका त्याने कमी होतो, नाहीसा होत नाही.

तिसरी गोष्ट अंतर, आणि वसमतसारख्या गावासाठी तीच सर्वांत मोठी आहे.

अंतराने वैद्यकाचा हिशेब कसा बदलतो, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९६१ साली अंटार्क्टिकावरच्या सोव्हिएत तळावर लिओनिद रोगोझोव्ह या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरला अपेंडिक्सचा दाह झाला. तळावर दुसरा डॉक्टर नव्हता, बाहेर पडायला वाट नव्हती. त्याने आरसा समोर धरवून, स्थानिक भूल घेऊन, स्वतःचे अपेंडिक्स स्वतः काढले. आजही ऑस्ट्रेलियाच्या अंटार्क्टिक तळांवर हिवाळा काढायला जाणाऱ्या डॉक्टरला निघण्यापूर्वी आपले निरोगी अपेंडिक्स काढून घ्यावे लागते. पुण्या-मुंबईतल्या माणसाला असे कोणी सांगितले, तर तो वेडेपणा ठरेल. अपेंडिक्स दोन्हीकडे सारखेच असते. शस्त्रक्रियेचे टेबल किती लांब आहे, यावर शहाणपण ठरते.

मुंबईत आता जनावरांसाठी चोवीस तास चालणारी रुग्णालये आहेत. परळला बाई साकराबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ साली सुरू झाले. तिथल्या ग्रेट डेनच्या मालकाकडे रात्री अकरा वाजता गाडी काढून निघण्याचा पर्याय असतो. वसमतच्या मालकाकडे तो इतका सहज नाही. नांदेड आणि परभणी साधारण तासाभराच्या वाटेवर. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही या भागाची जमेची बाजू. पण आखाड्यावर लक्षण ओळखणे, गाडी मिळवणे, रस्ता कापणे, भूल देणारा आणि शस्त्रक्रिया करणारा हजर असणे, ही साखळी मध्यरात्री जुळायला जो वेळ लागतो, तोच त्या जनावराचा उरलेला वेळ असतो. दिवसाढवळ्या, ठरवून, उपाशीपोटी नेलेल्या निरोगी कुत्र्यासाठी मात्र तेच तासाभराचे अंतर काहीच नाही. आणीबाणीत जे अंतर जीव घेते, ते नियोजनात एका सकाळचा प्रवास ठरते.

म्हणून शहरात जो निर्णय 'करावा की न करावा' असा असतो, तो वसमत, कळमनुरी, औंढ्यासारख्या ठिकाणी धोक्याच्या जातींसाठी 'करावा' या बाजूला झुकतो. इथे आणखी एक खुलासा गरजेचा आहे. दुर्बिणीची सोय जवळ नसेल, म्हणून प्रतिबंधच नको, असे होत नाही. लहान छेद घेऊन केलेली उघडी शस्त्रक्रियाही तितकाच पक्का जोड देते. जखम थोडी मोठी आणि वेदना थोडी जास्त, एवढाच फरक. दुर्बीण ही सोय आहे, संरक्षण टाक्यांनी मिळते. अनुभवी हातांची उघडी शस्त्रक्रिया नवशिक्याच्या दुर्बिणीपेक्षा केव्हाही बरी.

तिच्या मर्यादाही मालकाला आधी सांगितल्या पाहिजेत. भुलेचा धोका थोडा असला तरी असतो. जखमेत पाणी साठणे, पू होणे, क्वचित टाका सुटणे, हे घडू शकते. साधारण दोन आठवडे कुत्र्याला बांधून, उड्या न मारू देता सांभाळावे लागते. आणि जठर जोडले म्हणजे पोट कधीच फुगणार नाही, असे नाही. फुगले तर डॉक्टर गाठावाच लागतो, फक्त पीळ नसल्याने हाताशी वेळ उरतो. पिल्ले विकणाऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. शस्त्रक्रियेने त्या एका कुत्र्याचा धोका कमी होतो, त्याच्या रक्तातला वारसा बदलत नाही. ज्या घराण्यात हा विकार आहे, त्यातल्या नर-मादीला टाके घालून पैदाशीला लावणे म्हणजे दुखणे पुढच्या पिढीच्या मालकाला विकणे होय.

यावर एक आक्षेप येणारच. जिथे माणसाच्या शस्त्रक्रियेला तारीख मिळत नाही, तिथे कुत्र्याच्या जठराची चर्चा कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर रात्र काढलेल्या माणसाला तो विचारण्याचा हक्क आहे. गावपातळीवरच्या पशुवैद्यकाचे पहिले काम गाय, म्हैस, शेळी यांचेच आहे आणि कुत्र्यांच्या बाबतीत सार्वजनिक पैशाचा पहिला मान रेबीजच्या लसीला आणि भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीलाच आहे. त्याने माणसेही वाचतात. जठराच्या शस्त्रक्रियेचा खर्च ज्याने हौसेने वा राखणीसाठी मोठे कुत्रे आणले, त्यानेच करावा. मात्र त्यासाठी त्याला ही माहिती असली पाहिजे. ती देण्याला फार खर्च येत नाही. पिल्लाला लस टोचायला आणतात तेव्हाच जात आणि घराणे विचारून, 'नसबंदीच्या वेळी जठराचाही विचार करा' एवढे एक वाक्य बोलायला लागते.

सार्वजनिक जबाबदारीचा एक कोपरा मात्र उरतो. पोलिसांच्या श्वानपथकात डॉबरमन आणि जर्मन शेफर्ड असतात. त्यांच्या प्रशिक्षणावर वर्षे आणि सरकारी पैसा खर्च होतो. अमेरिकी लष्कराने आपल्या मोठ्या कामगिरी-श्वानांसाठी ही प्रतिबंधक शस्त्रक्रिया नेहमीची करून टाकली आहे, कारण तयार केलेला कुत्रा एका रात्रीत गमावणे त्यांना परवडत नव्हते. बॉम्ब हुंगणाऱ्या किंवा चोराचा माग काढणाऱ्या आपल्याकडच्या कुत्र्याचा जीव काही स्वस्त नाही. जिल्हा पोलीस दल आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय यांनी एकत्र बसून हा प्रश्न सोडवण्यासारखा आहे.

आणि सर्वांत चांगला प्रतिबंध पिल्लू घरी येण्याआधीचा. रुबाबासाठी ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्ड मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आणून बांधणाऱ्याने त्याची उंची बघितलेली असते. छातीची खोली, घराण्याचा इतिहास आणि जवळच्या शस्त्रक्रियेच्या टेबलाचे अंतर विचारलेले नसते. राखणच हवी असेल, तर इथल्या मातीतला गावठी कुत्रा ती शतकानुशतके करत आला आहे.

ज्यांच्या अंगणात असा मोठा कुत्रा आधीच आहे, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: पोट तट्ट, जीव कासावीस आणि कोरडा उलटीचा जोर, ही तीन लक्षणे एकत्र दिसली की तेल नको, सोडा नको, सकाळची वाट नको. खोल छातीच्या कुत्र्यात पोट फुगलेले दिसेलच असे नाही, म्हणून कोरडा जोर एकटा दिसला तरी पुरे. त्याच क्षणी डॉक्टरांना फोन करावा आणि निघावे. फोन करायचा तो क्रमांक आजच भिंतीवर लिहून ठेवावा, रात्री कोण शस्त्रक्रिया करते हे आजच विचारून ठेवावे. आणि ती रात्र येऊच नये असे वाटत असेल, तर एका शांत सकाळी, कुत्रा धडधाकट असताना, पशुवैद्यकासमोर बसून विचारावे: याला हा टाका हवा आहे का?